‘प्रोपेन्सिटी’ : स्वभावाला दिलेल्या एका इंग्रजी नावाचा इतिहास



आपल्या मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्य, शिलालेख, घराण्यांचे इतिहास अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहीत आणि बोलत आली आहेत. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा बीएचएमएस डॉक्टर आहे. तरीही एका इंग्रजी शब्दाचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो आहे, कारण तो शब्द मी एकदा एका केसपेपरवर लिहिला आणि तो लिहिल्याची टोचणी अजून गेलेली नाही. तो शब्द म्हणजे ‘प्रोपेन्सिटी’; नैसर्गिक कल, स्वाभाविक प्रवृत्ती.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आजी आपल्या नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार होती झोपेत अंथरूण ओले होण्याची. आमच्या पद्धतीत आजाराइतकीच माणसाच्या स्वभावाचीही चौकशी करतात. आजींजवळ शाळेतल्या एका शिक्षकांनी दिलेली चिठ्ठी होती. अभ्यासाविषयी दोन ओळी, आणि शेवटी ‘चोरीकडे कल, जातीचाच गुण’ हे शब्द. मुलाने काय चोरले, कधी चोरले, कोणी पाहिले, यातले काहीही त्या चिठ्ठीत नव्हते. मीही विचारले नाही. केसपेपरवर इंग्रजीत उतरवून घेतले : ‘प्रोपेन्सिटी टू स्टील’.

आजींना वाचता येत नव्हते, पण माझा हात चालत होता तिकडे त्यांचे लक्ष होते. त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, पोराच्या कागदावर काय लिवलंयसा?’’

मी म्हणालो, ‘‘काही नाही आजी, औषधाचं आहे.’’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमचा बा हुबळीच्या सेटलमेंटात हजेरीला जायचा. त्याचं नाव बी असंच आधी कागदावर लिवलेलं हुतं. चोरी मागनं शोधत हुते.’’

औषधाच्या पुड्या घेऊन त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. तो केसपेपर माझ्याकडे आहे. त्या एका ओळीचा माग काढत मी जे वाचत गेलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

उताराचे शब्द

प्रथम शब्दाची फोड करू. ‘प्रोपेन्सिटी’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘प्रोपेन्डेरे’ या क्रियापदापासून आला. ‘प्रो’ म्हणजे पुढे, आणि ‘पेन्डेरे’ म्हणजे लोंबणे, टांगलेले असणे. घड्याळाचा पेंड्युलम आणि कचेरीतले पेंडिंग काम हे याच घरातले. तराजूचे जड पारडे खाली झुकते, त्यालाही हे क्रियापद लावीत. म्हणजे प्रोपेन्सिटी म्हणजे एका बाजूला झुकलेले असणे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला.

त्याचे भाऊबंदही पाहण्यासारखे आहेत. ‘प्रोक्लिव्हिटी’ यात ‘क्लिव्हस’ म्हणजे उतार. ‘इन्क्लिनेशन’ म्हणजे कलणे. ‘बेंट’ म्हणजे वाकलेपण. फ्रेंचमधून आलेला ‘पेन्चंट’ म्हणजेही झुकणेच. वापरात मात्र इंग्रजीने यांच्यात भेद केला. पेन्चंट हा रुचीचा, आवडीचा शब्द. कोणाला जुनी नाटके आवडतात, कोणाला झणझणीत रस्सा. प्रोपेन्सिटी आणि प्रोक्लिव्हिटी हे शब्द चांगल्यासाठीही चालतात, पण बहुधा ते दुर्गुणांच्या शेजारी सापडतात : भांडणाची, खोटे बोलण्याची, उधळपट्टीची प्रोपेन्सिटी. एखाद्याला दानधर्माची प्रोपेन्सिटी आहे असे लिहिले तर व्याकरण चुकत नाही, कानाला मात्र खटकते.

आता आपल्या भाषेकडे पाहा. ‘कल’ हा शब्द कलण्यातूनच आला. भिंत कलते, सूर्य कलतो, मन कलते. ‘ओढा’ शब्दात ओढ आहे आणि वाहते पाणीही. संस्कृत ‘प्रवण’ म्हणजे उतरते, ढाळ असलेले. म्हणून अवर्षणप्रवण तालुका, अपघातप्रवण वळण. संस्कृत ‘प्र’ आणि लॅटिन ‘प्रो’ हे एकाच मुळातले उपसर्ग आहेत, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणजे गंगेच्या आणि टायबरच्या काठच्या लोकांनी मनाचे वर्णन करताना एकच चित्र डोळ्यांपुढे आणले : उतार, आणि त्यावरून आपोआप घरंगळणारी वस्तू.

याशिवाय आणखी एक प्रतिमा आहे, ती मिश्रणाची. ग्रीक वैद्यांच्या मते शरीरातील चार रसांच्या मिश्रणावर माणसाचे आरोग्य आणि स्वभाव ठरतो. लॅटिनमध्ये त्या मिश्रणाला ‘टेम्परामेन्टम’ म्हटले, अरबीत ‘मिजाज’. तोच फारसीमार्गे मराठीत येऊन ‘मिजास’ झाला आणि आपण त्याला तोऱ्याचा अर्थ दिला. ‘प्रकृती’ हा आपला शब्द तर फारच उदार आहे. सांख्यांची प्रकृती जगाचे मूळ, आयुर्वेदाची प्रकृती वात-पित्त-कफाची ठेवण, आणि रस्त्यात भेटलेल्या स्नेह्याला आपण विचारतो, ‘प्रकृती कशी आहे?’

मात्र उताराच्या प्रतिमेत एक धोका आहे. उतारावरचा दगड खाली येणारच, असे आपण गृहीत धरतो. माणसाला हा शब्द लावला की तेच गृहीतक त्याच्या वाट्याला येते.

तत्त्वज्ञांच्या हातात

अठराव्या शतकात हा शब्द स्कॉटलंडच्या दोन विचारवंतांनी फार विचारपूर्वक वापरला. डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या आपल्या मानवी आकलनावरील ग्रंथात सवयीची व्याख्या करताना तो योजला. एखादी कृती पुन्हा पुन्हा केल्याने, तर्काचा आधार न घेताही ती पुन्हा करण्याची जी प्रोपेन्सिटी तयार होते, तिला तो सवयीचा परिणाम म्हणतो. म्हणजे ह्यूमच्या लेखी प्रोपेन्सिटी घडते. ती आवृत्तीतून येते.

अ‍ॅडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ चा. त्याच्या आरंभीच तो सांगतो की देवघेव करण्याची, एका वस्तूच्या बदल्यात दुसरी घेण्याची प्रोपेन्सिटी माणसात आहे आणि श्रमविभागणी तिच्यातून उगवली. ही प्रवृत्ती त्याने साऱ्या मानवजातीची म्हणून सांगितली. एखाद्या जातीची, वंशाची म्हणून नाही. त्याच प्रकरणात पुढे एक मार्मिक विचार आहे. तत्त्वज्ञ आणि रस्त्यावरचा हमाल यांच्यातले अंतर निसर्गापेक्षा सवय, रूढी आणि शिक्षण यांमुळे पडलेले दिसते; आयुष्याच्या पहिल्या सहा-आठ वर्षांत आईबापांना आणि सवंगड्यांना त्यांच्यात फारसा फरक सापडला नसता, असे तो म्हणतो. माझ्यासमोर बसलेला मुलगा साधारण त्याच वयाचा होता.

कवटीवरची उंचवटे

पुढचे वळण वैद्यकाचे आहे, आणि डॉक्टर म्हणून मला ते टाळता येत नाही. फ्रान्झ योझेफ गाल हा व्हिएन्नातला नावाजलेला शरीररचनातज्ज्ञ. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या मनःशक्ती वास करतात आणि जो भाग मोठा, त्याच्यावरची कवटी उंच होते, असा त्याचा सिद्धान्त. पहिला भाग, मेंदूत कामांची वाटणी असते हा, पुढे वेगळ्या स्वरूपात खरा ठरला. दुसरा, कवटी चाचपून माणूस ओळखता येतो हा, साफ खोटा ठरला. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेनॉलॉजी नावाने तो युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचला होता.

गालने चोरीचे आणि खुनाचे म्हणून वेगळे अवयव मेंदूत कल्पिले होते. त्याचा शिष्य श्पुर्ट्‌सहाइम याने १८१५ साली लंडनमध्ये हे शास्त्र इंग्रजीत मांडताना त्यांची नावे सौम्य केली. चोरीऐवजी संग्रहाची वृत्ती, खुनाऐवजी नाशाची वृत्ती. त्याचे म्हणणे असे की वृत्ती वाईट नसते, तिचा अतिरेक वाईट. अशा खालच्या पायरीच्या वृत्तींच्या गटाला त्याने नाव दिले ‘प्रोपेन्सिटीज’. येथे शब्दाची जागा बदलली. ह्यूमकडे जी सवयीतून घडत होती, ती आता जन्मतः हाडाखाली बसली, आणि फूटपट्टीने मोजता येऊ लागली.

या मोजणीशी आपला एक दुवा आहे. मध्य प्रदेशातील सागर हे गाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. पेशव्यांचे बुंदेलखंडातील सरदार गोविंदपंत बुंदेले यांनी तेथे ठाणे केले आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे तिकडची झाली. १८१८ नंतर सागर इंग्रजांकडे गेले. १८३० च्या सुमारास तेथे ठगांचे खटले चालले आणि अनेकांना फाशी झाली. सागरला असलेला हेन्री स्प्राय नावाचा सर्जन. त्याने फाशी गेलेल्या सात जणांच्या कवट्या १८३३ मध्ये एडिंबरोच्या फ्रेनॉलॉजिकल सोसायटीकडे पाठवल्या. खुनशी वृत्तीचा पुरावाच हाती येईल, अशी अपेक्षा कोणीही केली असती.

रॉबर्ट कॉक्स याने त्या तपासल्या आणि १८३४ मध्ये निबंध लिहिला. कवट्यांवर नाशाच्या वृत्तीचा उंचवटा प्रबळ निघाला नाही. तेव्हा त्याने ठगांच्या कृत्यांचे कारण संगत, संस्कार आणि चालत आलेली रीत यांत शोधले. वाचकहो, येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. प्रोपेन्सिटीचा प्रत्यक्ष पुरावा शोधायला निघालेल्या माणसाला, त्याच्याच शास्त्राच्या नियमाने, पुरावा सापडला नाही. पण त्यामुळे ना शास्त्र कोसळले, ना समज बदलला. हाडात नसेल तर घराण्यात असेल, रक्तात नसेल तर रीतीत असेल, असे उत्तर तयार होते. एकदा निष्कर्ष पक्का झाला की पुरावा कोणताही चालतो.

कायद्याच्या पुस्तकात

१८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने एक नवी गोष्ट केली. एखाद्याने अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. कृत्यावरून बोट सरकून माणसाच्या ओळखीवर गेले.

पुढचे पाऊल १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने टाकले. हाच तो क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, गुन्हेगार जमाती कायदा. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेलेला आहे असे मानायला प्रांतिक सरकारला कारण दिसले, तर केंद्राच्या परवानगीने त्या जमातीला गुन्हेगार जाहीर करता येई. त्या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येत नसे. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय हद्द सोडायची नाही. विधेयकाच्या समर्थनार्थ झालेला युक्तिवाद असा : या देशात विणकराच्या पोटी विणकर, सुताराच्या पोटी सुतार जन्मतो, तसाच चोराच्या पोटी चोर. आपल्याच जातिव्यवस्थेचा दाखला आपल्याच माणसांविरुद्ध उपयोगात आला, हे आपण विसरू नये. इंग्रजांनी कायदा केला खरा, पण त्याचे जोते आपल्या अंगणातले होते.

१८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून वेगळे ठेवणाऱ्या सुधारवसाहतींची सोय केली. १९११ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यालाही लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि मग सोलापूर, हुबळी, गदग येथे ‘सेटलमेंट’ उभी राहिली. तारेचे कुंपण, गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात मजुरी, आणि हजेरी. सोलापुरात आणि हुबळीत जुन्या लोकांच्या तोंडी सेटलमेंट हा शब्द अजून आहे. आजींचा ‘बा’ त्या हजेरीत उभा राहत होता.

या इतिहासातला सर्वांत विचित्र योग आता सांगतो. १८७१ चा हा कायदा झाला तेव्हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्याचे सदस्य होते जेम्स फिट्‌झजेम्स स्टीफन. त्याच स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये आला. त्याच्या ५४ व्या कलमात तत्त्व आहे की फौजदारी खटल्यात आरोपी वाईट चालीचा आहे ही गोष्ट गैरलागू. त्याने स्वतःच्या चांगल्या चालीचा पुरावा दिला तरच ती विचारात घेता येईल. म्हणजे प्रोपेन्सिटीवरून गुन्हा सिद्ध होत नाही. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व टिकून आहे. एका वर्षाच्या अंतराने, एकाच कार्यालयातून दोन कायदे निघाले. पहिला म्हणतो, या जमातीत जन्मला म्हणून संशयित. दुसरा म्हणतो, एकट्या आरोपीच्या बाबतीतही स्वभाव हा पुरावा नव्हे. ज्याला न्यायालयाच्या दारापर्यंत जाता आले त्याला दुसरा कायदा मिळाला. ज्याचे नाव आधीच नोंदवहीत होते त्याच्या वाट्याला पहिला आला.

ही माणसे कोण होती

‘कल’ म्हणून ज्याची नोंद झाली, त्यामागे काय होते? लमाण-बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहत. सैन्यांना रसद तेच पुरवीत. रेल्वे आली, मिठावरचे सरकारी निर्बंध वाढले, आणि पिढ्यांचा धंदा बुडाला. रामोशी गडांची आणि गावांची राखण करीत. संस्थाने आणि किल्ले गेले तशी राखणदारी गेली. पोट भरण्याची वाट बंद झाली की काही जण आडवाटेला लागतात, बाकीचे मजुरी शोधत फिरतात. फिरणारा प्रत्येक माणूस मात्र नव्या सरकारच्या डोळ्यांत संशयित ठरला.

आपल्या भागातल्या बेरडांचेच पाहा. औरंगजेबाने स्वतः हजर राहून घातलेला शेवटचा वेढा १७०५ चा, वाकिनखेड्याचा. समोर होता पिड्या नायक बेरड, आणि त्याच्या मदतीला धनाजी जाधव धावून गेले होते. मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेली ही जमात. आणि आज आपल्या घरांत ‘बेरड’ हा शब्द कशासाठी वापरतात? निर्लज्ज, निगरगट्ट, कितीही बोला तरी फरक पडत नाही असा माणूस. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आहे आणि ठकवणाऱ्यालाही आपण भामटाच म्हणतो. ‘उचल्या’ची तीच गत. इंग्रजांना प्रोपेन्सिटी लिहायला नोंदवही लागली. आपण तेच काम एका विशेषणात उरकले.

या शब्दांना त्याच माणसांनी मराठीतूनच उत्तर दिले, याचा मात्र अभिमान वाटावा. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. आणि बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’. कुठेही चोरी झाली की पोलिसांनी आधी कोणाच्या वस्तीवर यायचे हे कसे ठरलेले असते, ते गस्तींनी लिहिले आहे. आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर घडलेले हे सारे आहे. दूषण म्हणून वापरलेले नाव त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि जुन्या नोंदींची सावली त्यांच्यावर पडली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीभेदाविषयी निकाल दिला, तेव्हा कळले की पळून जाण्याची स्वाभाविक प्रवृत्ती प्रबळ असलेला वर्ग म्हणून भटक्या जमातींचे उदाहरण देणारा नियम तुरुंगाच्या नियमावलीत अजून छापलेला होता. न्यायालयाने असे भेदभावाचे नियम घटनाबाह्य ठरवले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली होती. शब्द मात्र नियमावलीत ठाण मांडून होता.

माझ्या घरातले दोन वारसे

दुसऱ्यांचे दोष सांगून झाले. आता माझ्या स्वतःच्या दोन परंपरांविषयी बोलले पाहिजे.

पहिली होमिओपॅथी. सॅम्युएल हानेमान आणि गाल हे समकालीन. हानेमान यांचा जुनाट रोगांवरील ग्रंथ १८२८ चा, त्याच वर्षी गालचा मृत्यू झाला. हानेमान यांनी जुनाट रोगांच्या मुळाशी सोरा, सायकोसिस, सिफिलिस असे तीन ‘मायझम’ मानले. अमेरिकेतील जेम्स टायलर केंट यांनी १९०० च्या आपल्या व्याख्यानग्रंथात सोऱ्याचा संबंध माणसाच्या मूळच्या नैतिक बिघाडाशी जोडला. आमच्या काही पुस्तकांत माणसांचे स्वभावही या तीन खणांत वाटून ठेवलेले सापडतात. विद्यार्थी असताना मला ती वाटणी फार सोयीची वाटे. आज वाटते, रोग्याचे ऐकून घेणे ही आमच्या पद्धतीची चांगली बाजू, आणि ऐकण्याआधी खण उघडून बसणे ही तिची जोखीम. त्या दिवशी मी ऐकले ते चिठ्ठीचे, मुलाचे नाही.

दुसरा वारसा जैन कर्मविचाराचा. आमच्याकडे कर्मांनाच ‘प्रकृती’ म्हणतात. मूळ प्रकृती आठ, उत्तर प्रकृती १४८. लहानपणी पाठशाळेत पाठ केल्या होत्या. अर्थ पुष्कळ उशिरा उमगला. या मांडणीत प्रकृती जीवाला चिकटते ती त्याच्या स्वतःच्या मन-वचन-कायेच्या व्यापाराने आणि कषायांनी. तिला मुदत असते. ती शमते, झडते, एक उत्तर प्रकृती आपल्या जातीच्या दुसरीत पालटतेही. त्याला संक्रमण म्हणतात. म्हणजे ज्या परंपरेने स्वभावाचे इतके बारीक वर्गीकरण केले, तिनेच प्रत्येक प्रकृतीला बाहेरची वाटही ठेवली.

पण येथेही हात झटकता येत नाहीत. आठांत एक गोत्रकर्म आहे, उच्च आणि नीच कुळाचे. त्याचा आधार घेऊन आमच्यातही माणसे लांब ठेवली गेली. शास्त्राप्रमाणे तेही एकेका जीवाने बांधलेले कर्म आहे. साऱ्या वस्तीच्या नावावर चढवायची ती नोंद नव्हे. पण वापरणाऱ्याला वस्तीच हवी असते. शास्त्र कोणतेही असो, आठ प्रकृतींचे असो की कवटीच्या उंचवट्यांचे, ते एका माणसाकडून त्याच्या जातीकडे वळते तेव्हा आपण सावध व्हावे.

आकड्यांतली प्रोपेन्सिटी

विसाव्या शतकात या शब्दाला पुन्हा वेगळे दिवस आले. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये अर्थशास्त्रात उपभोगाची प्रोपेन्सिटी आणली. उत्पन्न वाढले तर त्यातला किती हिस्सा लोक खर्च करतात, ते सांगणारा हा आकडा. १९८३ मध्ये रोझेनबॉम आणि रुबिन या संख्याशास्त्रज्ञांनी ‘प्रोपेन्सिटी स्कोअर’ मांडला. एखाद्या रोग्याला अमुक उपचार मिळण्याची शक्यता किती होती ते काढून, सारख्या रोग्यांची सारख्यांशी तुलना करता यावी हा त्याचा हेतू. आज वैद्यकीय संशोधनात तो सर्रास दिसतो. या वापरात शब्द पुन्हा स्वच्छ झाला आहे. तो समूहाविषयी बोलतो, शक्यतेविषयी बोलतो, आणि एकट्या माणसाने उद्या काय केले असेल ते सांगण्याचा दावा करीत नाही. हाच आकडा उलटा फिरवून कोणाला कर्ज द्यावे, कोणावर पाळत ठेवावी हे ठरवण्यासाठी वापरला, तर आपण पुन्हा हजेरीच्या रांगेपाशी येऊ.

शेवटी

आपल्या भाषेत ‘वळण’ असाही एक शब्द आहे. मुलाला चांगले वळण लागले, असे आपण म्हणतो. तोही वाकण्याचाच शब्द, इंग्रजी ‘बेंट’सारखा, पण वळण लागते, लावता येते आणि बदलतेही. ह्यूमला प्रोपेन्सिटी म्हणताना जे अभिप्रेत होते ते या शब्दात आहे. उलट ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आहे. दोन्ही आपल्याच. कोणासाठी कोणती वापरायची, ते आपण बहुधा समोरच्याचे आडनाव पाहून ठरवतो. आपल्या नातवाने शेजारच्या झाडाचे आंबे पाडले तर तो व्रात्य. वस्तीवरच्या मुलाने पाडले तर त्याचा चोरीकडे कल.

तो केसपेपर मी फाडला नाही. त्या ओळीवर रेघ मारून खाली लिहून ठेवले आहे : ‘हे मी विचारून लिहिले नव्हते.’ त्या मुलाने काही घेतले होते का, हे मला आता कधीच कळणार नाही. आणि घेतले असते तरी ती ओळ बरोबर ठरली नसती. तेव्हापासून केसपेपरवर मी स्वभावाचे नाव लिहिण्याआधी घटना लिहितो : काय झाले, कधी झाले, किती वेळा, कोणी सांगितले. पुष्कळदा घटना लिहून झाल्यावर स्वभावाला नाव द्यायची गरजच उरत नाही.

आपणही कधी शिफारसपत्र लिहाल, भाडेकरूची चौकशी कराल, सोयरिकीच्या बोलण्यात एखाद्या घराण्याविषयी मत द्याल, किंवा शाळेच्या समितीवर बसून एखाद्या मुलाच्या दाखल्यावर शेरा माराल. ‘कल’, ‘प्रवृत्ती’, ‘जातीचा गुण’ हे शब्द लेखणीशी येतील तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच विनंती आहे : मी पाहिलेले लिहितो आहे, की आधीच लिहून ठेवलेले उतरवून घेतो आहे?

आजींनी हाच प्रश्न मला विचारला होता. उत्तर द्यायला मला तीस वर्षे लागली.